काचफोडी काकी

गावात कोणालाही विचारा, तो हातातलं काम बाजूला ठेवून सांगेल की मोठ्या काकीने एकदा नुसत्या आवाजाने काचेच्या ग्लासांचा अख्खा मालडबा फोडला. स्टेशनबाहेरचा चहावाला तर हे अशा थाटात सांगतो, जणू तो त्या वेळी डब्यातच मांडी घालून बसला होता. "काकीने तोंड उघडलं आणि खळ्ळ. आधी ग्लास, मग कंदील, मग स्टेशनमास्तरांचा चष्मा. हे माझं मत नाही हं, ही खबर आहे." चहावाल्याचं प्रत्येक बोलणं याच शेपटीवर संपतं. नवं गिऱ्हाईक आलं की गोष्टीत एखादी खिडकी जास्तीची फुटते. मागच्या खेपेला दवाखान्यातलं थर्मामीटरही फुटलं होतं.

खरं एवढंच की ग्लास फुटले, आणि काकीमुळेच फुटले. पण आवाजाने नाही. मास्तरांचा चष्मा तर ते स्वतः त्यावर बसले म्हणून फुटला, तोही पुढच्या वर्षी.

हे सगळं समजायचं तर आधी दोन लाईनींची सोयरीक कशी फिसकटली ते समजायला हवं. डोंगरातून खाली छोटी लाईन आली. बंदराकडून वर मोठी लाईन आली. छोटी बांधणारे चिंगूस होते, मोठी बांधणारे मिजासखोर, आणि एकमेकांना विचारण्याचं दोघांच्याही मनात आलं नाही. शेवटी एका उजाड माळावर दोन्ही समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा लक्षात आलं की हिचा डबा तिच्या रुळावर बसत नाही. व्याही दारात येऊन ठेपले आणि उंबऱ्यावरच अडून बसले, तशी गत. मग मधे एक लांबलचक शेड बांधली, दोन्ही बाजूंना फलाट, मधे दगडी फरशी. राज्यात वर जाणारं सिमेंट, मीठ, कापड, रॉकेल, आणि खाली येणारं लाकूड, लोकर, फळं, सगळं इथे उतरायचं, माणसांच्या खांद्यावरून फरशी ओलांडायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं.

त्या फरशीवर गाव उभं राहिलं. हमाल आले, हमालांना जेवू घालणारी खानावळ आली, फुटक्या पेट्या सांधणारा सुतार आला, आणि पाठी चोळून देणारा वैद्य आला. राज्याच्या कारभाऱ्यांना हे गाव घशात अडकलेल्या घासासारखं वाटायचं. गावाला वाटायचं, राज्य आपल्या पाठीवर चाललंय. खोटं दोघांचंही नव्हतं.

काकी मूळची डोंगरातली. तिच्या भावाची तिथे फळबाग. लग्न होऊन ती खाली आली तेव्हा काका हमालांच्या टोळीत होते. काका म्हणजे आठवड्यातून एकदा बोलणार, तेही "मीठ दे" इतकंच. टोळीला पावलं जुळवून देण्यासाठी एक हाळी देणारा असायचा. त्या वेळचा हाळी देणारा म्हातारा झाला होता. त्याला फरशीच्या मध्यावर दम लागायचा. मग टोळी खांद्यावर पोती घेऊन जागच्या जागी उभी, आणि म्हातारा हाताने खुणावतोय, जरा थांबा, श्वास येतोय. एकदा काकी काकांचा डबा घेऊन आली आणि शेडच्या या टोकावरून म्हणाली, "अहो, निवतंय." बस. अख्ख्या टोळीने ओझी खाली ठेवली आणि मान वळवली. पलीकडच्या फलाटावरचा गार्डही शिट्टी तोंडात धरून बघत राहिला.

मुकादम चालत तिच्याजवळ आला. "वहिनी," तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही."

"मी काय?"

"हेच. फक्त 'निवतंय' सोडून बाकीचं."

काकीने हाळीचं काम हातात घेतलं आणि त्याचं शास्त्रच करून टाकलं. प्रत्येक मालाची चाल वेगळी, म्हणून प्रत्येकाची हाळी वेगळी. लोकरीची हाळी इतकी ऐसपैस की गडी जांभया देत चालायचे. कोंबड्यांच्या खुराड्यांना हाळीच नव्हती, कारण त्या बायांसमोर काकीचं काही चालायचं नाही. सिमेंटची हाळी म्हणजे "पोतं पाठीवर, नजर वाटेवर, चल रे घोड्या चल", पाय आपटत, धडाधड, आणि डब्याच्या तोंडाशी पोचलं की एकच शब्द, "टाक." सगळे एकदम खांदा झुकवायचे आणि पोती धपकन आत. काचेची हाळी नेमकी उलट. पाय उचलायचेच नाहीत, घासत न्यायचे. "झोपलंय बाळ, हळूच चाल, जागं झालं तर तूच सांभाळ." शेवटी आवाज एकदम खाली, कोणाच्या तरी कानात सांगितल्यासारखा, "ठेव पाळण्यात." पिळदार खांद्यांचे बाप्ये पेट्या अशा ठेवायचे की बघणाऱ्याला आपोआप कुजबुजत बोलावंसं वाटे.

टोळीचं एक वैशिष्ट्य होतं. एकदा हाळी सुरू झाली की कोणी स्वतः विचार करायचा नाही. टोळीतला सर्वांत वयस्कर गडी, ज्याला सगळे आप्पा म्हणत, तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा. "कान घेऊन यायचं. डोकं घरी ठेवायचं. दोन्ही आणलंस तर तंगड्यात तंगडी."

तर तो दिवस. सकाळभर सिमेंट चाललं होतं. जेवणानंतर बंदराकडून ग्लासांच्या पेट्या आल्या, वर डोंगरात जाणाऱ्या. काकीने सूर बदलला, बाळाला झोपवलं, टोळी घासत घासत छोट्या लाईनीच्या डब्यापाशी पोचली. आता शेवटचे दोन शब्द तेवढे राहिले होते. तेवढ्यात चहावाला किटली हिंदकळवत धावत आला.

"मंजूर झालं काकी. मोठी लाईन डोंगरापर्यंत नेणार. छोटी उखडणार. शेड बंद. हे माझं मत नाही, ही खबर आहे."

काकीच्या डोळ्यांपुढून एका झटक्यात सगळं गेलं. काकांची पाठ आधीच धरलेली, त्यांना दुसरीकडे कोण घेणार. भावाची फळं मात्र आता नासणार नाहीत. हसावं की रडावं हे मनाला ठरवता येईना, आणि मन असं दोन्हीकडे धावत असताना जीभ सकाळपासूनच्या सवयीच्या वाटेने निघून गेली.

"टाक," काकी म्हणाली.

आणि टोळीने टाकलं. काचेला टाक कसं, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच खांद्याने पेट्या सिमेंटच्या पोत्यांसारख्या डब्यात भिरकावल्या. इतकं एकजुटीचं काम टोळीच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. आवाज विरल्यावर बराच वेळ एक ग्लास आत कुठेतरी गरगरत राहिला आणि मग तोही गेला.

"आप्पा, काच होती ना ती," काकी कशीबशी म्हणाली.

"होती खरी," आप्पा म्हणाले. "पण तू म्हणालीस टाक."

चौकशीला वरून एक इन्स्पेक्टर आला. चूक काकीची ठरली असती तर तिचं काम त्याच दिवशी सुटलं असतं. म्हणून मुकादमाने आदल्या दिवशी सगळ्या टोळीला गोळा करून एक थाप शिकवली, आणि इन्स्पेक्टरसमोर स्वतःच ठोकून दिली. "आवाजाचा दाब, साहेब. बाईच्या आवाजाला धार आहे. थंड हवेत जास्त." इन्स्पेक्टरने काकीला बोलून दाखवायला सांगितलं. घाबरलेल्या काकीच्या तोंडून उंदराएवढं "नमस्कार" बाहेर पडलं. इन्स्पेक्टरने टोळीकडे पाहिलं. टोळी छताकडे पाहत होती. शेवटी त्याने कारण म्हणून 'हवामान' असं लिहिलं आणि पुढची गाडी पकडली. काकी वाचली. त्या दिवसापासून ती काचफोडी काकी झाली, आणि थाप चहावाल्याच्या हातात पडल्यावर तिला पाय फुटले, पंखही फुटले.

छोटी लाईन उखडायला आणि मोठी बसवायला दोन वर्षं गेली. पहिली अखंड मालगाडी डोंगरातून आली तो दिवस गावाला चांगला आठवतो. सगळे फलाटावर जमले होते. मास्तर इस्त्रीचा कोट घालून हिरवं निशाण धरून उभे होते आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होते. "थांबणार, थांबणार. थोडी तरी थांबणार." ड्रायव्हरने हात हलवला, गाडी न थांबता धाडधाड गेली, आणि चहावाल्याने भरलेले कप एकेक करून परत किटलीत ओतले.

राज्याचं भलं झालं, हे कोणी नाकारत नव्हतं. पूर्वी डोंगरातली फळं बंदरावर पोचायची तेव्हा त्यांच्याआधी त्यांचा वास पोचायचा. आता ती कडक, लालबुंद पोचू लागली. वर शाळा पक्क्या झाल्या, कारण सिमेंट स्वस्तात चढू लागलं. काकीचा भाऊ नव्या गाडीने भेटायला आला तो पेटीभर फळं घेऊन, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "ताई, एकही डागाळलेलं नाही, बघ." काकीने एक फळ कापलं, अर्धं भावाला दिलं, अर्धं काकांना. भाऊ खाऊन हसला. काका खाऊन नुसते बसले. त्यांना आता बसण्याशिवाय काम नव्हतं. एका दरवाजातून लक्ष्मी आत आली आणि दुसऱ्यातून बाहेर पडली, आणि दोन्ही दरवाजे काकीच्याच घराचे.

पुढे वैद्याने गाव सोडलं, कारण पाठी दुखायच्या थांबल्या. सुतार पेट्या सोडून खाटा करू लागला. टोळी रिकाम्या शेडमध्ये पत्ते कुटत बसायची, आणि पत्त्यांतही कोणी उतारी करायच्या आधी काकी आली का म्हणून दाराकडे बघायचं. हळूहळू बोलणं निघू लागलं. एकाचा मेव्हणा बंदरावर आहे, दुसऱ्याचा मामा खाणीत लावून देतो म्हणतो. टोळी फुटणार हे दिसत होतं. एकट्या हमालाला काम मिळालं असतं. पण काकांसारखा पाठ धरलेला गडी टोळीत होता म्हणून चालून जात होता, कारण त्याच्या वाट्याचं वजन शेजारचे दोघे गुपचूप उचलायचे. त्याला एकट्याला कोणी दारात उभं केलं नसतं. आणि काकीला कोणी कशाला ठेवलं असतं? नुसती हाळी विकत कोण घेतो?

मग त्याच लाईनीने एक साहेब आला. साहेब हसऱ्या तोंडाचा, गोल चष्म्याचा, बोलताना प्रत्येक वाक्य आधी खोडून मग मांडणारा. "तसं नाही हं, पण तसंच." त्याला रिकामी शेड हवी होती. इथे तो इमारतींसाठी दरवाजाएवढ्या, भिंतीएवढ्या काचा बनवणार होता. बंदराकडची वाळू आता थेट येत होती आणि तयार काच कुठेही न उतरता थेट डोंगरात किंवा बंदरावर जाऊ शकत होती. पूर्वी एवढी मोठी काच या बाजूला बनवायची कोणाची छाती झाली नसती, कारण मधे गावातली फरशी होती. आणि फरशीवर, चहावाल्याच्या मते, काकी होती.

ही मेख साहेबाला पहिल्याच चहाबरोबर कळली. भट्टी उभी राहिल्यावर त्याने काम मागायला आलेल्या टोळीला सांगितलं, "तसं नाही हं, तुम्ही सगळे या. पण त्या बाई नकोत. म्हणजे चांगल्याच असतील. पण काच आहे हो शेवटी." त्याने शेडच्या दारापुढे एक पिवळी दोरीही बांधून घेतली. काकी दोरीच्या बाहेर.

टोळी अडून बसली, काकीशिवाय येणार नाही म्हणून. काकीने सगळ्यांना घरी बोलावून झापलं. "माझ्यासाठी उपाशी मरणार का? मी काय तुमची आरती आहे, रोज म्हणायलाच हवी? जा उद्या. आणि यांना मधल्या फळीत धरा," असं म्हणून तिने काकांकडे बोट दाखवलं. काकांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मोठी काच टेबलावरून उचलून घोडीवर, म्हणजे तिरक्या लाकडी आधारावर, नेऊन उभी करायची होती. दोन्ही बाजूंना गडी, हातात चामड्याचे पट्टे. साहेब उत्साहात म्हणाला, "मी एक-दोन-तीन म्हणतो, मग उचला." आता वर्षानुवर्षं हाळीवर वाढलेली टोळी ती. अर्धे तीनवर उठले, अर्धे तीन संपून पुढे काय म्हणतात याची वाट पाहत राहिले. आप्पा तर कान टवकारून चारची वाट बघत होते. काच एका बाजूने वर गेली, तिच्या अंगावरून छताचं प्रतिबिंब घसरत गेलं, आणि उचललेली काच खालीही ठेवता येईना, पुढेही नेता येईना. सगळे जिथल्या तिथे थरथरत उभे. काकांचा चेहरा पांढराफटक.

काकी दोरीबाहेरच उभी होती. येणार नव्हती, पण पाय आले होते. तिने काच बघितली, काकांची कंबर बघितली आणि दोरी, साहेब, नोकरी काही न बघता सूर लावला.

"झोपलंय बाळ..."

थरथर थांबली. मागची बाजू हळूच वर आली आणि काच सपाट झाली. "हळूच चाल," आणि सगळे पाय एकत्र घासले. साहेबाने घाईघाईने डोळ्यांवरचा चष्मा काढून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला. आंधळ्यासारखा डोळे मिचकावत तो उभा, आणि भिंतीएवढी काच त्याच्या नाकासमोरून तरंगत गेली. "ठेव पाळण्यात." काच घोडीला टेकली तेव्हा आवाज झाला, तो फक्त काकांनी सोडलेल्या श्वासाचा.

साहेबाने चष्मा बाहेर काढला, दोन्ही भिंगं उजेडात धरून पाहिली. "फुटला नाही," तो म्हणाला, जरासा हिरमुसून.

"आवाजाने कशाला फुटेल?" आप्पा म्हणाले. "तेव्हाही आवाजाने नव्हतं फुटलं. ती चुकून टाक म्हणाली, आम्ही टाकलं."

"आप्पा," काकी दातांत म्हणाली.

"आता काय लपवायचं पोरी, मुकादमही गेला रिटायर होऊन." मग आप्पांनी इत्थंभूत सगळं सांगितलं, थापेसकट, हवामानासकट. काकी जमिनीकडे बघत राहिली. आता दोरीच्या बाहेर नुसती तीच नाही, टोळीही जाणार असं तिला वाटलं. काच मुद्दाम फेकणारे हमाल कोण ठेवील?

साहेबाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे हातात काच आहे हे दिसत असूनही तुम्ही सगळ्यांनी टाकली?"

"सगळ्यांनी," आप्पा अभिमानाने म्हणाले.

"एकही मागे राहिला नाही?"

"आमच्यात मागे राहायची पद्धत नाही."

"तसं नाही हं," साहेब म्हणाला, आणि काकी घराच्या वाटेला वळली. "पण तसंच. मला अशीच माणसं हवीत. इतकी एकदम काच फेकता येते म्हणजे इतकी एकदम धरताही येणार. बाई, ते तुम्ही म्हणाल ते ऐकतात?"

"काचेच्या बाबतीत ऐकतात," काकी म्हणाली. "घरी ओला टॉवेल उचला म्हटलं तर नाही ऐकत."

साहेबाने स्वतः जाऊन पिवळी दोरी सोडली. त्याने एकच अट घातली, की 'टाक' हा शब्द शेडच्या आवारात कोणीही, कशासाठीही उच्चारायचा नाही. तेव्हापासून कारखान्यात चहात साखर "घालतात", कचरा "सोडतात" आणि पत्ते "ठेवतात". डोंगरातल्या शाळांना, बंदरावरच्या कचेऱ्यांना ज्या मोठ्या काचा लागल्या त्या त्याच फरशीवरून गेल्या, काकीच्या बाळासारख्या. काकीच्या भावाने फळं ठेवायला शीतघर बांधलं, त्याच्या खिडकीलाही तिथलीच काच आहे. चहावाल्याचे कप पुन्हा किटलीत ओतले जात नाहीत. गोष्ट मात्र त्याने काही बदलली नाही.

आता राहिली एका पैजेची गोष्ट. काकीची पुतणी, म्हणजे हे लिहिणारी, सगळ्यांचे आवाज काढते. चहावाल्याची शेपटी, मास्तरांचं दोनदा बोलणं, साहेबाची खोडाखोड. काकीची हाळी तर तिने आरशासमोर इतकी घोटली होती की शेजारची बाई एकदा खरोखर पाय घासत गेली. तिने काकीशीच पैज लावली, की काकी आत चहा पीत बसली असताना आपण आडोशाला उभं राहून हाळी द्यायची, टोळीला फरक कळणार नाही. काच नको, रिकामी लाकडी चौकट चालेल. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची एक अट वर्षभर पाळायची. काकी म्हणाली, "बरं."

पुतणीने डोळे मिटून सूर लावला. टोळी उठली. पाय घासले. चौकट निघाली, सुरेख निघाली, आणि पुतणी आपल्याच आवाजावर इतकी खूश झाली की तिने डोळे उघडलेच नाहीत. तेवढ्यात मधल्या फळीतल्या एका गड्याला शिंक आली. तो शिंकला, चौकट कलली, एक कोपरा फरशीवर आपटला आणि सगळ्यांनी ती खाली ठेवून हात झटकले.

"ही काकी नव्हे," आप्पा म्हणाले.

"आवाजात काय चुकलं?" पुतणीने विचारलं.

"आवाज हुबेहूब होता," शिंकणारा नाक पुसत म्हणाला. "पण काकीला माझी शिंक माझ्याआधी दिसते. ती 'बाळ' वर थांबते, मी शिंकून घेतो, मग चालतो. तुझं बाळ थांबेचना."

काकी कप घेऊन बाहेर आली. तिने अट आधीच ठरवलेली दिसत होती.

"माझी नक्कल वर्षभर बंद. पाहिजे तर काकांची कर," ती म्हणाली. "घरात त्यांचा आवाज तरी कानावर पडेल."